कुठंच न जोडलेला कीबोर्ड

मी एक कीबोर्ड. बोलतोय तो पाठीवर पडल्या पडल्या, कारण उभं राहणं आम्हाला जमत नाही. आम्ही जन्मभर आभाळाकडं तोंड करून असतो. त्यामुळं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॉम्प्युटरचा पडदा मी कधी पाहिलेला नाही. माझ्यावर दाबलेली अक्षरं तिकडं वर जाऊन कशी दिसतात, मला ठाऊक नाही. मला दिसतो तो छताचा पंखा आणि माझ्यावर वाकलेला चेहरा. पण चेहऱ्यावरून पुष्कळ कळतं. प्रोग्रॅम चालला की फसला, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथं लांब टेबलापाशी बसलेल्या बायकांनी माझी बटणं भराभर बसवली. कुणी माझ्याकडं निरखून पाहिलं नाही, आणि मला ते आवडलं. काम करणारी माणसं वस्तूकडं निरखून बघत बसत नाहीत. मग जहाज, मग मुंबई, मग पुण्यातलं एक दुकान, आणि शेवटी थर्माकोलमध्ये दाबून बसवलेला मी टेम्पोतून कोल्हापूरला आलो. साल १९९८. तिथल्या एका कॉलेजात बी.सी.एस.चा वर्ग नुकताच सुरू झाला होता आणि त्यासाठी नवी कॉम्प्युटर लॅब उभी राहत होती.

लॅब म्हणजे काय थाट. खिडक्यांना जाड पडदे, दाराबाहेर चपला काढायची जागा, भिंतीवर सूचनांचा फलक. आणि प्रत्येक मशीनवर रेक्झिनचं कव्हर, कडेला झालर लावलेलं. मला वाटलं, आपण मोठ्या मानाच्या ठिकाणी आलो. महिन्याभरात कळलं की मान मिळणं आणि अडगळीत पडणं यात फरक फार थोडा असतो.

लॅबचे प्रमुख भाऊसो सर. मूळचे फिजिक्सचे, निवृत्तीला आलेले. स्टाफमध्ये सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून नवी लॅब त्यांच्या ताब्यात. कॉम्प्युटरचं त्यांना प्रेम होतं, ते मी नाकारणार नाही. रोज सकाळी स्वतः फडकं मारायचे. पण वापरलेली वस्तू झिजते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. म्हणून आठवड्यातून एकदाच प्रॅक्टिकल, आणि एका मशीनला तीन पोरं. मधला टाइप करणार, कडेचे दोघं बघणार. बाकीचे दिवस प्रोग्रॅम वहीत लिहायचा. निळ्या शाईनं प्रोग्रॅम, काळ्या शाईनं पडद्यावर काय उमटेल ते, आणि भोवती पट्टीनं आखलेली चौकट. चौकट वाकडी आली तर मार्क जायचे. प्रोग्रॅम वाकडा असला तरी चालायचा, कारण तो कुणी चालवून बघतच नव्हतं.

माझ्यासमोर मधल्या खुर्चीत बसायचा पृथ्वीराज. शिवाजी पेठेतला, पायात फुटबॉल खेळून आलेली सूज, मनानं सरळ. तो एका बोटानं टाइप करायचा, आणि तेही प्रत्येक अक्षर शोधत. त्याच्या डाव्या बाजूला मनाली बसायची. प्रोग्रॅम तिच्या डोक्यात असायचा आणि बोट पृथ्वीराजचं.

“आता काय, मनाली?”

“कंस बंद कर.”

“कंस कुठाय?”

“शून्यावर. शिफ्ट धरून.”

“तुला कसं म्हाईत? तू तर कधी हात लावला न्हाईस.”

“बघून बघून पाठ झालंय. तू बटण शोधतोस तेवढ्यात माझं सगळं वाचून होतंय.”

तो हसायचा आणि खुर्ची सरकवून म्हणायचा, “ये, बस तू.” ती उठली रे उठली की भाऊसो सरांचा आवाज यायचा.

“ए, जागा बदलायची नाही. नेमून दिलीय ना?”

“सर, मला एकदा टाइप करायचंय.”

“बघ की. बघून शिकता येतं.”

“सर, बघून पोहायला येतं का?”

“मग रंकाळ्यात जाऊन पोह. ही लॅब हाय.”

सगळी पोरं हसली. मनालीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी खालून बघत होतो, म्हणून मला ओठ घट्ट मिटलेले दिसले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या पोरीचं एक तरी बोट माझ्यावर पडावं.

फारसं पडलं नाही. तीन वर्षांत तिच्या वाट्याला मी आलो तो मोजून काही मिनिटं, पृथ्वीराज मॅचला गेला की. परीक्षेतही प्रोग्रॅम कागदावरच लिहायचा होता. बाहेरून आलेले परीक्षक चहा घेत वह्यांच्या चौकटी बघून गेले.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमी आली. सरांनी लॅबमध्ये पूजा मांडली. त्यात गैर काही नाही, आमच्यासारख्या राबणाऱ्या हत्यारांना वर्षातून एक दिवस कुणी हात जोडावेत हे चांगलंच. पण आम्ही राबत होतो कुठं? सरांनी माझ्यावरचं कव्हर काढलं, कडेनं झेंडूचा हार घातला, बटणांवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. तरीही चाललं असतं. पण मग त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावरच नारळ फोडला. गोड पाणी धार लागून माझ्या अंगात उतरलं, आणि त्याच्याबरोबर कुंकू आणि तांदूळ. ज्या वस्तूला पोरीचा हात लागला तर झिजेल म्हणून तीन वर्षं जपलं, तिचा जीव भक्तीनं एका घटकेत गेला.

दुसऱ्या दिवशी माझी निम्मी बटणं दाबली की वर येईनात, आणि वायरीतून काहीच पलीकडं जाईना. सर म्हणाले, पोरांनीच काहीतरी केलं असणार. मला कपाटात, फुटक्या माउसांच्या ढिगात टाकलं.

मी कपाटात असताना मनाली पदवीधर झाली. पहिला वर्ग. ते २००१ साल होतं. अमेरिकेत कंपन्या बसत होत्या आणि त्याची धूळ पुण्यापर्यंत येत होती. जागा थोड्या आणि पोरं ढिगानं. तरी तिला एका कंपनीच्या परीक्षेला बोलावणं आलं. लेखी परीक्षेत ती पास झाली. मग मशीनवर बसवलं आणि प्रोग्रॅम लिहायला सांगितला. काय लिहायचं ते तिला दिसत होतं, पण बोटं अक्षरं शोधत राहिली. डोळे खाली, वर, परत खाली. शेजारची पुण्याची पोरं पावसासारखी वाजवत होती. वेळ संपली तेव्हा तिचा प्रोग्रॅम अर्ध्यावर होता. “बी.सी.एस. करून तुम्ही मशीनवर बसलाच नाहीत का?” असं तिथल्या माणसानं सहज विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळेना. तेच तिला जास्त लागलं.

हे मला ठाऊक आहे, कारण कोल्हापूरला परतल्यावर ती थेट लॅबमध्ये आली आणि माझ्या कपाटासमोर उभी राहून तिनं सरांना सगळं सांगितलं.

“सर, मला दुपारी तासभर बसू द्या. लॅब रिकामीच असते.”

“तू आता विद्यार्थी नाहीस. नियमात बसत नाही.”

“विद्यार्थी होते तेव्हाही बसत नव्हतं.”

सरांनी नजर दुसरीकडं वळवली. ते दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं की शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात वस्तू देणं असतं. पण माहीत नसणं हा काही बचाव नव्हे. वयानं मोठं व्हायचं, खुर्ची अडवायची आणि पोरांची वर्षं खायची, याला कुठला नियम लागतो?

“मग तो बंद कीबोर्ड तरी द्या,” मनाली म्हणाली. “तो टाकूनच दिलाय ना?”

“बंद पडलेला घेऊन काय करणार? पेटीसारखा वाजवणार?”

“व्हय सर. पेटीच वाजवणार.”

अशी मी लॅब सोडली. झालर असलेलं कव्हर तिथंच राहिलं, आणि मनालीच्या पिशवीत, भाजीच्या जुड्यांच्या शेजारी बसून मी सिद्धार्थनगरात तिच्या घरी गेलो.

घरात तीन माणसं. मनाली, तिचे वडील आकाराम आणि आकारामची बहीण तानाबाई. मनालीची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर तानाबाईनं सांभाळलं होतं. आकाराम एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली मनालीच्या पुस्तकांची फळी. त्या फळीपाशी सतरंजीवर मनालीनं मला ठेवलं. वायर कुठंच जोडली नाही. जोडायला घरात होतं काय, शिलाई मशीन?

आणि ती टाइप करू लागली.

पुस्तकातला प्रोग्रॅम शेजारी उघडा ठेवायचा आणि माझ्यावर उतरवायचा. नंतर पुस्तक मिटायचं आणि स्वतःचा प्रोग्रॅम रचायचा. पडदा नव्हता. काय लिहिलं ते पुसायची सोय नव्हती आणि बघायचीही नव्हती. लिहिलेलं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागायचं. मध्येच ती थांबायची, ओठ हलवत मागचं मोजायची आणि म्हणायची, “न्हाई, तिथं कंस राहिला.” मग पहिल्यापासून सुरू. पोरगी हवेत लिहीत होती. ते लिखाण वाचलं असेल तर ते फक्त मी, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

आकाराम पहिल्या दिवशी दारात उभा राहून बघत होता.

“मने, वायर कुठं लावलीयास?”

“कुठंच न्हाई आबा.”

“मग ते टकटक जातंय कुठं?”

“कुठंच न्हाई.”

तो बहिणीकडं बघून म्हणाला, “तानाक्का, पोरीला जरा दूध देत जा.”

तानाबाईचं म्हणणं निराळं होतं. “दूध कशाला? डी.एड.चा फॉर्म आणून दे. मास्तरीण झाली की जन्माची भाकरी. पदवी घेतली, हौस झाली. त्या कॉम्प्युटरच्या कंपन्या बुडाल्यात, पेपरात आलंय.”

“आत्ती, तू पेपर वाचतीस कधीपास्नं?”

“पुड्या सोडताना वाचतो की.”

शेवटी आकारामनं मधला मार्ग काढला. पुढच्या जूनपर्यंत मनालीनं नोकरी बघावी. मिळाली तर ठीक. नाही तर मुकाट्यानं डी.एड.ला जायचं. मनालीनं मान डोलावली. त्या दिवसापासून तिची बोटं माझ्यावर अशी आपटू लागली की वाटावं, जून माझ्याच आत कुठंतरी लपून बसलाय.

ती सकाळी शिकवण्या घ्यायची, दुपारी माझ्यापाशी बसायची. पण नारळाचं पाणी सुकून माझी बटणं चिकटली होती. दाबलं की आत जाऊन बसायची, नखानं उचकटावी लागायची. तिचा वेग काही केल्या वाढेना. शिवाय खाली बघायची सवय सुटत नव्हती. बटण वर आलंय की नाही, ते बघावंच लागायचं.

एका रविवारी ती शिकवणीला गेली असताना आकाराम माझ्यासमोर मांडी घालून बसला. मला उलटं केलं, सुलटं केलं, कानाजवळ नेऊन हलवलं. आतले तांदूळ खुळखुळले. “हात्तिच्या,” तो म्हणाला, “हे तर जाम झालंय.” त्यानं पेचकस आणला, एकेक बटण उचकटून पातेल्यात टाकलं आणि सोड्याच्या पाण्यात जुन्या ब्रशनं घासलं. माझ्या अंगातलं कुंकू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. इतक्या काळजीनं मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. सर फडकं मारायचे ते वरून. हा माणूस आत शिरला. मला कळत होतं की तो माझी दुरुस्ती करत नव्हता. लेकीला जे बोलता येत नव्हतं ते तो ब्रशनं बोलत होता.

बटणं उन्हात वाळली. मग ती परत बसवायची वेळ आली. कुठलं कुठं होतं ते त्यानं बघून ठेवलं नव्हतं. पण त्याला त्याची चिंता वाटली नाही. ए बी सी डी त्याला येत होती. त्यानं वरच्या ओळीत डावीकडून ए लावला, शेजारी बी, मग सी. तीन ओळींत झेडपर्यंत सगळी अक्षरं नीट रांगेत बसवली, मागं सरकून पाहिलं आणि समाधानानं विडी पेटवली.

मनाली आली. तिनं बघितलं. हातातली पिशवी खाली ठेवायचंही ती विसरली.

“आबा, हे काय केलंसा?”

“साफ केलं. आता बघ, लोण्यावानी चालतंय.”

“अक्षरं कुठं गेली?”

“हायती की समदी. ओळीनं लावलीत. कुणीतरी पार इस्कटून टाकली व्हती. त्या नारळाच्या भानगडीत झालं असंल.”

“आबा, ती तशीच असतात. सगळ्या जगात तशीच असतात.”

“तशीच?” आकारामला हे पटेना. “मग बनवणारा कुठल्या शाळंत गेलता?”

मनाली रडली नाही, भडकली. विचारल्याशिवाय हात का लावता, तुम्हा मोठ्या माणसांना एक तर हात लावू द्यायचा नसतो नाहीतर नको तिथं लावायचा असतो, असं बरंच काही बोलली. मी तिच्या बाजूनं होतो. पण मी आकारामचाही चेहरा बघत होतो. विडी त्याच्या बोटात विझली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

मनालीनं बटणं परत बदलायला घेतली. दोन-तीन निघाली, चौथ्याची खालची खुंटी कड्कन मोडली. पुन्हा उचकटलं तर सगळीच मोडतील हे तिला कळलं. तिनं काढलेली बटणं होती तिथंच परत दाबून बसवली, मोडक्याला डिंक लावला आणि मला भिंतीकडं सरकवून दिलं. मग बराच वेळ ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून माझ्याकडं बघत राहिली. बघता बघता तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

अक्षरं बदलली होती. जागा बदलल्या नव्हत्या. तिनं डोळे मिटले, बोटं माझ्यावर ठेवली आणि आपलं नाव लिहिलं. वर छापलेल्या खुणा पाहिल्या तर तिनं झेड, के, वाय, के, एस, एच दाबलं होतं. पण जागा पाहिल्या तर ते मनालीच होतं, अगदी बरोबर. खाली बघून आता काही उपयोगच नव्हता. बघितलं की चूक होणार, न बघता लिहिलं तरच बरोबर येणार.

तिला एकच अडचण राहिली. चांगल्या कीबोर्डवर मधल्या ओळीत दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, बोटांना घर सापडावं म्हणून. आकारामच्या रचनेत ते उंचवटे वरच्या ओळीत गेले होते. तिसऱ्या दिवशी आकाराम कामावरून आला आणि चहा पिता पिता, जणू सहज, म्हणाला, “काय कमी पडतंय त्यात?” मनालीनं दोन जागा दाखवल्या. त्यानं खिशातून एम-सीलची पुडी काढली, मळली, आणि एन आणि क्यूवर ज्वारीच्या दाण्याएवढे दोन ठिपके चिकटवले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. या घरात तशी पद्धत नव्हती.

त्यानंतर माझ्यावर जी वाजंत्री सुरू झाली ती थांबली नाही. मनाली छताकडं बघत टाइप करायची. म्हणजे तिला जे दिसायचं तेच मला दिसायचं. आम्ही दोघं मिळून घरातला छताचा पंखा पाहिला.

पुढच्या मे महिन्यात राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीची जाहिरात आली. सूतगिरण्या, दूध संस्था असल्यांसाठी तिथं सॉफ्टवेअर बनायचं. मनालीनं मला पिशवीत घातलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पिशवीची चेन लागेना, वायर बाहेर लोंबत राहिली.

कंपनी सलिमा मॅडमची. तिशीतल्या, बोलायला तडक. त्यांनी मनालीला मशीनवर बसवलं. इचलकरंजीच्या मागवाल्यासाठी प्रोग्रॅम लिही म्हणाल्या, कुठल्या पाळीत कुठल्या मागावर किती मीटर कापड विणलं ते सांगणारा. मी पिशवीत होतो. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. न अडखळता, न थांबता. मग शांतता. मग मॅडमचा आवाज.

“एक चूक आहे.”

“कुठं ते बघते.”

थोडी टकटक.

“आता?”

“आता चालतंय.” खुर्ची सरकली. “तू खाली बघत नाहीस. टायपिंगचा कोर्स केलास?”

“नाही मॅडम. माझ्या कीबोर्डवर अक्षरं चुकीच्या जागी होती.”

“म्हणजे?”

मनालीनं मला बाहेर काढलं. सलिमा मॅडमनी मला मांडीवर घेतलं, ए बी सी डीची रांग पाहिली, एम-सीलचे ठिपके चाचपले, लोंबणारी वायर हातात धरून टोकापर्यंत नेली. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. “सोमवारी ये,” म्हणाल्या. “तीन महिने शिकाऊ. पगार नावाला. टिकलीस तर पुढचं बोलू.”

घरी आलो तर तानाबाई दारातच. डी.एड.च्या यादीत मनालीचं नाव लागलं होतं. फॉर्म तिनंच पोरीकडून कधीतरी सही करून घेतला होता. प्रवेश घ्यायचा तोही सोमवारी.

“तीन महिन्यांच्या शिकाऊ कामासाठी सरकारी जागा घालवतीस व्हय?” तानाबाई म्हणाली. “आकाराम, सांग तिला.”

आकाराम जेवत होता. त्याला दोन्ही बाजू दिसत होत्या, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. पक्की भाकरी एकीकडं. दुसरीकडं एक छोटं ऑफिस, उद्या असेल-नसेल.

“आबा,” मनाली म्हणाली, “तुमच्या वर्कशॉपात नवीन पोरगं आलं की त्याला काय करता? वर्षभर वहीत पाना काढायला लावता?”

“वहीत? पहिल्याच दिवशी गाडीखाली ढकलतो.”

“त्याला येत नसतं तरी?”

“येतंय कुठनं? खाली गेल्याबिगर येतंय व्हय?”

“मग मलाबी ढकला की.”

घास त्याच्या हातात तसाच राहिला. आकारामनं जेवून हात धुतला आणि तो झोपायला गेला.

रविवार सगळा तसाच गेला. सोमवारी सकाळी मनालीनं केस विंचरले, पिशवी भरली आणि मला उचलून आत ठेवायला लागली. बाहेर आकाराम त्याची लुना सुरू करत होता. ती दारात आली तशी त्यानं पिशवीकडं बघितलं.

“ते कशाला घेतलंयास?”

“असू दे.”

“घरी ठेव. तिथं असंल की, वायर लावलेलं.” मग लुनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, “आणि लवकर बस. राजारामपुरीतनं मला परत डेपोला जायाचंय.”

मनालीनं मला पिशवीतून काढलं आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढचं मला संध्याकाळच्या गप्पांतून कळलं. ती तीन महिने टिकली, मग तीन वर्षं टिकली. इचलकरंजीच्या मागवाल्याकडं ती प्रोग्रॅम बसवायला गेली तेव्हा तिथले जुने कारकून इलाही चाचा मशीनपासून चार हात लांब उभे राहिले. “मोडलं तर सेठ माझं नाव घेईल,” म्हणाले. मनालीनं त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. “लावा हात चाचा. मोडलं तर मी आहे.” त्या दिवशी ती घरी येऊन हे आकारामला सांगत होती, आणि मी फळीवरून ऐकत होतो. पुढं ती पुण्याला गेली, मोठ्या कंपनीत. ज्या परीक्षेत एकदा फसली, तसल्याच परीक्षा आता ती दुसऱ्यांच्या घेते. मशीनवर बसवण्याआधी पोरांना विचारते म्हणे, तुमच्या कॉलेजात हात लावू देत होते का?

आता २००८ चाललंय. मागच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा आकारामनं मला काचेच्या कपाटात ठेवायचा घाट घातला होता. जागाही पुसून ठेवली होती.

“तिथं नको आबा,” मनाली म्हणाली. “कुणाला तरी बडवायला द्या. न्हाईतर भंगारात द्या.”

“आगं, आठवण हाय ती.”

“आठवण माझ्या बोटांत हाय. ते कशाला कोंडता?”

आकाराम दुखावला. पण माझं मत विचाराल तर मी तिच्या बाजूचा. ज्येष्ठ मंडळी हो, राग मानू नका, पण तुमचं प्रेम फार जड असतं. तुम्ही वस्तू जपता, खुर्च्या जपता, नियम जपता, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं आणलं ती पोरं कडेला बसून बघत राहतात. आम्ही झिजायलाच जन्माला आलोय. आम्हाला झिजू द्या. पोरींना चुकू द्या, तोडू द्या, मोडू द्या. आमच्यासारखी बाजारात आणखी मिळतात. त्यांची तीन वर्षं कुठं मिळायची नाहीत.

शेवटी आकारामनं मला शेजारच्या मेहकला दिलं. मेहक सहा वर्षांची. तिनं माझी वायर कमरेला बांधली आहे आणि मी कधी तिचं दुकान असतो, कधी विमान. माझी बरीच बटणं गेली. स्पेसबार जिन्याखाली पडलाय. ए बी सी डीची रांग मधूनच फुटलीय, आणि एक ठिपका तिनं गोळी समजून चावून पाहिला. मी फार दिवस टिकणार नाही, हे मला कळतं. तिची आजी रोज ओरडते, “अगं हळू, मोडेल ते.”

मेहक, तू तिकडं लक्ष देऊ नकोस. बडव.